मालमोटारीची स्टेपनी

बेळगावहून गोव्याकडे घाट उतरणाऱ्या भरलेल्या मालमोटारीच्या मागील जोडचाकांपैकी आतल्याची हवा गेली, तरी गाडी चालत राहते. खरा धोका तोच. दोघांचा भार एकट्या बाहेरच्या चाकावर पडतो, ते तापते आणि फुटते. आतले काढण्यासाठी बाहेरचेही सोडवावे लागते, म्हणून टाळाटाळीचा मोह होतो! परंतु सपाट जागा मिळताच थांबावे. चाकांना दगड लावावेत, नट जॅक चढविण्यापूर्वीच किंचित सैल करावेत. स्टेपनी हे नाव वेल्समधील लानेली गावच्या एका रस्त्याचे. जादा चाकाचा हा धंदा तेथे १९०४ साली निघाला. ती बसविल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत व काही मैलांनंतर पुन्हा तपासावेत. निघताना दगड उचलावेत. काळोखात मागून येणाऱ्या सायकलस्वारास ते दिसत नाहीत.