पगार आणि पाळणाघर

गेल्या जून महिन्यात माझी एक माजी विद्यार्थिनी भेटावयास आली होती. पुण्याच्या उपनगरातील एका विनाअनुदानित शाळेत ती शिकविते. पती एका खासगी कचेरीत कारकून आहेत. मूल दीड वर्षाचे. "सर, जमाखर्च तुम्हीच शिकविलात, आता माझा तपासून द्या," असे म्हणून तिने वहीचे एक पान पुढे केले. पगार १८,००० रुपये. पाळणाघर ८,५००, बसरिक्षा १,८००, उशीर झाल्यास पाळणाघराचा जादा आकार ७००, मुलाच्या आजारपणात होणाऱ्या बिनपगारी रजांपोटी १,२००. शिल्लक ५,८००. महिन्याचे २४ दिवस आणि प्रवासासह रोजचे १० तास धरले, तर ताशी २४ रुपये पडतात. "मग नोकरी सोडू का?" हा तिचा प्रश्न होता.

तिच्या बेरीज-वजाबाकीत चूक नव्हती. चूक होती ती मांडणीत, आणि ती तिच्या एकटीची नव्हे, तुम्हा-आम्हा सर्वांची आहे. मूल दोघांचे असताना पाळणाघराचा खर्च आईच्याच पगारातून का वजा करावयाचा? पित्याच्या पगाराचा हिशेब मांडताना हा आकडा कोणीही लिहीत नाही. त्याची नोकरी गृहीत असते. तिची नोकरी मात्र दर महिन्याला आपली उपयुक्तता सिद्ध करीत राहते. २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे देतात असे आढळले. हाच पक्षपात वहीच्या पानावर उतरतो.

दुसरी चूक कालमर्यादेची. तो हिशेब एका महिन्याचा होता. नोकरी तीस वर्षांची असते. चार वर्षांचा खंड पडला म्हणजे केवळ चार वर्षांचा पगार बुडतो असे नाही. सेवाज्येष्ठता जाते, वेतनवाढी जातात, भविष्य निर्वाह निधीतील भर थांबते, आणि परत येऊ पाहणाऱ्या स्त्रीला बहुधा पहिल्या पायरीवरूनच चढावे लागते.

हे सारे मी तिला सांगितले. तिने शांतपणे उत्तर दिले, "सर, दहा वर्षांनंतरच्या पगारावर या महिन्याचे दूध येत नाही." या उत्तरापुढे आमचे शास्त्र निरुत्तर होते. भावी मिळकतीच्या तारणावर आजचे पाळणाघराचे शुल्क भागविण्यासाठी कोणतीही बँक कर्ज देत नाही. म्हणूनच हा प्रश्न वैयक्तिक काटकसरीने सुटणारा नव्हे.

पाळणाघरे महाग म्हणून चालविणाऱ्या बायकांना दोष देणेही योग्य नाही. यंत्राने कापडाचे उत्पादन दसपट करता येते. पण एका बाईने तान्ही मुले किती सांभाळावीत याला निसर्गाचीच मर्यादा आहे. जागेचे भाडे, मदतनीस बाईचा पगार, खाऊ आणि वीज वजा जाता तिच्या हातीही फारसे उरत नाही. शुल्क उतरवावे तर सांभाळणारीचे वेतन घटते, वाढवावे तर आई नोकरी सोडते. बाजारपेठेला यातून वाट काढता येत नाही.

"आजी असताना पाळणाघर कशाला?" असे विचारणारे सद्‌गृहस्थ आजही भेटतात. परंतु कोणाची आजी गावी शेत सांभाळते, कोणाची स्वतःच नोकरीत असते, आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तिला बोलवावे तर तिची सोय कोठे लावावयाची? शिवाय आजीचे श्रम फुकट आहेत हे तरी कोणी ठरविले?

कायद्याने या प्रश्नाची दखल घेतली नाही असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने तीसपेक्षा अधिक स्त्री-कामगार असतील तेथे पाळणाघर आवश्यक केले. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. पण तीस शिक्षकांची शाळा, दहा जणांची कचेरी, कापडाचे दुकान यांचे काय? शिवाय सारा भार मालकावर टाकला की तरुण स्त्रीला नेमतानाच तो हात आखडता घेतो. कायदा संरक्षणासाठी असतो. त्यानेच दार बंद होऊ नये.

मार्ग आपल्या परिचयाचाच आहे. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात बालशिक्षण वस्तीच्या अंगणात नेले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू होऊन अंगणवाडी देशभर पसरली. मात्र ती काही तासांची, आणि तेथील पूर्वशिक्षण तीन वर्षांवरील मुलांसाठी. नोकरदार आईची खरी अडचण तर पहिल्या तीन वर्षांची व पूर्ण दिवसाची असते. २०२२ पासून 'पालना' योजनेखाली अंगणवाडीला जोडून पाळणाघर ही कल्पना पुढे आली आहे. तिचा विस्तार शहरांच्या वस्त्यावस्त्यांत झाला पाहिजे. खर्चाचा वाटा शासन, मालकवर्ग आणि पालक या तिघांनी उचलावा. पालकांचा वाटा मिळकतीच्या प्रमाणात असावा. आणि सांभाळणाऱ्या स्त्रीला मानधन नव्हे, वेतन मिळावे. एका आईची सोय करताना दुसरीचे श्रम स्वस्तात घेणे हा न्याय नव्हे.

यासाठी पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. शिकविण्यावर समाजाने वर्षानुवर्षे खर्च केलेली शिक्षिका घरी बसते तेव्हाही पैसा जातोच. तो अंदाजपत्रकात दिसत नाही एवढेच. त्या विद्यार्थिनीने ते पान घडी करून पर्समध्ये ठेवले. दिवाळीपर्यंत थांबून पाहते, म्हणाली. तिच्यासारख्या किती जणी असे पान जवळ बाळगून रोज सकाळी बस पकडत असतील, याची मोजदाद कोणत्याही अंदाजपत्रकात नाही.