जवसाची चटणी आणि बावीस अक्षरे

पाहुणे आले की आपण भोपाळकर त्यांना भीमबेटका दाखवायला नेतोच. डॉ. वि. श्री. वाकणकरांनी १९५७ साली प्रकाशात आणलेल्या त्या शैलाश्रयांच्या भिंतींवर शिकारीची चित्रे जागोजाग दिसतात. घरी परतल्यावर त्याच पाहुण्यांना आपण वाढतो वरण-भात, पोळी, भाजी आणि डाव्या बाजूला जवसाची चटणी. शिकार करून जगलेल्या माणसाच्या वंशजांना हे ताट मानवले कसे? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा पुण्यात सापडला आहे.

आपल्या मेंदूला आणि पेशींच्या आवरणांना काही लांब साखळीची मेदाम्ले लागतात. ॲराकिडोनिक आम्ल हे त्यांपैकी एक. मांस-अंड्यांतून ते तयार मिळते. वनस्पतींत ते जवळजवळ नसतेच. करडई, तीळ, शेंगदाणा यांच्या तेलांत असतो तो त्याचा कच्चा माल, म्हणजे लिनोलेइक आम्ल. त्यावर संस्कार करून पक्का माल घडवण्याचे काम शरीरातली विकरे करतात. त्यांतल्या पहिल्या विकराची कृती ज्या जनुकात लिहिलेली आहे, त्याचे नाव फॅड्स-टू. या जनुकात काही माणसांत २२ अक्षरांचा एक जादा तुकडा असतो, काहींत नसतो. तुकड्याने कृती बदलत नाही, ती अधिक वेळा केली जाते. पुरणपोळी कशी करायची हे ठाऊक असणे वेगळे आणि दर आठवड्याला पुरण शिजणे वेगळे, तसेच हे.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी पुण्यातील सहकाऱ्यांसह केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पुण्यातल्या, मुख्यत्वे शाकाहारी असलेल्या २३४ व्यक्तींपैकी ६८ टक्के जणांना हा तुकडा आई आणि वडील अशा दोघांकडूनही मिळालेला होता. अमेरिकेतल्या ३११ जणांत हेच प्रमाण १८ टक्के भरले. ग्रीनलंडचे इनुइट लोक पिढ्यान्‌पिढ्या समुद्री आहारावर जगले; त्यांच्यात तुकडा नसलेला प्रकारच जवळजवळ सर्वत्र आढळतो. जिथे ताटात धान्य आणि डाळी, तिथे तत्पर विकर असलेल्यांची मुलेबाळे थोडी अधिक टिकली, आणि हजारो वर्षांत त्या थोड्याचे पुष्कळ झाले.

मात्र याला ‘शाकाहाराचे जनुक’ म्हणू नका, आणि कुणा जातीचे मानचिन्ह तर मुळीच नाही. आफ्रिकेतही हा तुकडा निम्म्याच्या आसपास आढळतो, आणि तिथे काही कोणी चातुर्मास पाळत नव्हते!

दुधाची कथा निराळी. मोठेपणीही दूध पचू देणारा जनुकीय बदल भारतात वायव्येकडून आग्नेयेकडे विरळ होत जातो. ज्यांना दूध सोसत नाही त्यांच्यासाठी आपल्याकडे ताक होतेच.

आता आपल्या घराकडे या. १९५६ साली राजधानी भोपाळला आली, तशी नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडची कितीतरी मराठी बिऱ्हाडे इथे आली. मागोमाग माळव्यात सोयाबीन पसरले आणि पळीने मोजायचे तेल डब्याने येऊ लागले. दोन-तीन पिढ्यांत जनुके बदलत नाहीत. सोयाबीन, सूर्यफूल आणि आपली लाडकी करडई, तिन्हींत लिनोलेइक आम्ल भरपूर. कमी कच्च्या मालातही भागवायला शिकलेल्या विकरापुढे आपण आता ढीग ओततो. ॲराकिडोनिक आम्लापासून शरीर सूज आणणारी व रक्त गोठवणारी द्रव्ये बनवते. ती हवीतच, पण बेताने. त्यामुळे अशा घरांनी ही तेले हात राखून वापरावीत, हे मला पटते.

जवसात मुबलक असलेले अल्फा-लिनोलेनिक आम्लही याच विकराच्या दारी येते. दोघांची तिथे चढाओढ लागते. एकाची गर्दी झाली की दुसरे मागे राहते. म्हणून जवसाच्या चटणीवर तेलाची धार सोडू नये. बाजारात अलसी म्हणून मागितलेला हा जवस भाजून कुटलेलाच हवा. अख्खा दाणा कवचामुळे न पचताच निघून जातो.