खातेदाराच्या हातातील यंत्र

लोणार तालुक्यातील सुलतानपूर आणि त्याच्या पंचक्रोशीत सोयाबीन, तूर वा कपाशी पेरणाऱ्या खातेदाराच्या पिकाची नोंद पूर्वी तलाठी करीत असे. गाव नमुना बारामध्ये त्याच्या लेखणीतून जे उतरेल तेच सरकारदरबारी खरे धरले जाई, आणि पुढे पीकविमा, नुकसानभरपाई किंवा हमीभावाच्या खरेदीचा प्रसंग आला म्हणजे त्याच नोंदीचा दाखला मागितला जाई. 15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्र शासनाने ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर अमलात आणली आणि ही लेखणी शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती दिली. आपल्या गटात उभे राहावे, पीक व क्षेत्र नमूद करावे, उभ्या पिकाचे छायाचित्र घ्यावे आणि ते सर्व महसूल दप्तराकडे रवाना करावे, अशी ही व्यवस्था आहे. गावदप्तराच्या इतिहासात याहून मोठा पालट क्वचितच झाला असेल. मात्र जो अधिकार हाती आला तो ज्या यंत्राच्या द्वारे बजावायचा, त्या यंत्राचे ज्ञान त्या अधिकारासोबत कोणी दिले नाही. आणि म्हणून खरिपात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, बांधावर उभा राहून ‘लोकेशनच घेईना’, ‘ॲप हँग झालं’, ‘स्टोअरेज फुल दाखवतंय’ असे म्हणत हताश होणारा माणूस गावोगाव दिसतो. सर्व्हरवर भार आल्याने होणारा खोळंबा त्याच्या हातचा नाही, हे खरे. तथापि उरलेल्या अडचणींपैकी पुष्कळशा त्याच्या फोनच्या सेटिंगमध्येच सुटण्यासारख्या असतात, आणि त्या कशा सुटतात हे समजून घेणे हा त्याच्या मालकीहक्काचाच एक भाग आहे, असे माझे मत आहे.

प्रथम ‘लोकेशन’चीच गोष्ट घेऊ. जमिनीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकी निदान चारांचे संकेत मिळाले म्हणजे फोन आपले स्थान गणिताने निश्चित करतो. प्रत्येक उपग्रह आपल्या भ्रमणमार्गाचा तपशील त्याच संकेतातून प्रसृत करीत असतो, आणि तो पुरता उतरून घेण्यास सुमारे तीस सेकंद लागतात. मोबाइलची रेंज असली म्हणजे हा तपशील फोनला इंटरनेटवरून आयताच मिळतो आणि स्थान चटकन सापडते. शिवारात रेंज नसली म्हणजे तो आकाशातून संथपणे उतरवावा लागतो, आणि मध्येच झाडाची दाट फांदी किंवा टिनाचे छप्पर आड आले तर पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ होतो. ‘रेंज नाही म्हणून लोकेशन येत नाही’ हा सार्वत्रिक समज त्यामुळे अर्धाच खरा ठरतो. गोठ्याच्या वा आंब्याच्या सावलीतून बाहेर पडून मोकळ्या आभाळाखाली दोन-चार मिनिटे स्वस्थ उभे राहिले असता रेंजवाचूनही स्थान मिळते. नोंद फोनमध्येच राहते आणि गावात रेंजमध्ये आल्यावर ती ‘अपलोड’ करता येते.

याच ठिकाणी एक सूक्ष्म खोच आहे. 2021 सालच्या बाराव्या अँड्रॉइडपासून फोन स्थानाविषयी दोन प्रकारची परवानगी विचारू लागला: एक ‘अचूक’ आणि दुसरी ‘अंदाजे’. ॲप प्रथम उघडताना घाईने कोणी ‘अंदाजे’वर बोट ठेवले, तर त्या ॲपला खातेदाराचा गट कळत नाही, सुमारे तीन चौरस किलोमीटरच्या टापूत तो कोठे तरी आहे, एवढेच कळते. मग शेताच्या मध्यभागी उभे राहूनही यंत्र त्याला ‘तुम्ही गटापासून दूर आहात’ असे सांगू लागते, आणि माणूस नकाशाला, मोजणीला किंवा तलाठ्याला दोष देतो. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या नावावर जाऊन, ‘परवानग्या’मधील ‘स्थान’ उघडून, ‘अचूक स्थान वापरा’ ही कळ चालू केली की हा तंटा मिटतो.

स्टोअरेजच्या अडचणीत तर अज्ञानाचे मोल याहून अधिक पडते. फोन भरला म्हणजे जाणता पुतण्या किंवा दुकानदार ॲपच्या माहितीत जाऊन काहीतरी ‘क्लिअर’ करून देतो. तेथे शेजारी-शेजारी दोन कळा असतात. ‘कॅशे’ पुसल्याने केवळ तात्पुरत्या संचिका जातात आणि कसलेही नुकसान होत नाही. ‘डेटा’ पुसल्याने मात्र ॲप नव्याने घेतल्यासारखे कोरे होते आणि शेतात बसून भरलेली, पण अद्याप अपलोड न झालेली नोंद त्याच्याबरोबर कायमची नष्ट होते. ॲप काढून पुन्हा टाकल्यानेही तेच घडते. तेव्हा आधी अपलोड, मग कॅशे, आणि अगदीच निरुपाय झाला तर डेटा, हा क्रम ज्याने त्याने पाठ करून ठेवावा. जागा मोकळी करायची ती व्हॉट्सॲपच्या गटांतून आलेल्या चित्रफिती पुसून करावी. त्या पुसल्याने कोणाचा सातबारा अडत नाही.

‘एकदा बंद करून चालू कर’ हा जो सल्ला सर्रास दिला जातो, त्यामागेही सयुक्तिक कारण आहे. यंत्राची कार्यस्मृती म्हणजे रॅम, ही विजेच्या आधारावरच माहिती धरून ठेवते. दिवसानुदिवस चालू राहिलेल्या फोनात किंवा संगणकात एखादा कार्यक्रम घेतलेली जागा परत करीत नाही, दुसरा एखाद्या उत्तराची वाट पाहत ताटकळत राहतो, आणि या थकबाकीचा भार साचत साचत सर्व व्यवहार मंदावतो. यंत्र बंद होताच ही थकबाकी निःशेष होते. परंतु त्याच दिवशी तीच तक्रार पुन्हा उद्भवली, तर बंद-चालूचा जप करीत बसू नये. अशा वेळी फोन ‘सेफ मोड’मध्ये चालू करून पाहावा, ज्यात आपण नंतर घातलेली सर्व ॲपे निद्रिस्त राहतात, तेथे फोन सुरळीत चालला तर दोष एखाद्या उपऱ्या ॲपचा आहे, हे सिद्ध होते, आणि ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे मोजण्याचे कारण उरत नाही.

या यंत्रात आधीपासून असलेल्या, परंतु कोणी न दाखविलेल्या सोयी पुष्कळ आहेत. ऑगस्ट 2017 मध्ये गूगलने मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून टंकलेखन करण्याची सोय दिली. कीबोर्डवरील ध्वनिग्राहकाचे चिन्ह दाबून ‘सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला आहे, काय फवारावे’ असे वऱ्हाडी ढंगात बोलले तरी ते बहुतांशी नीट उमटते. ज्यांच्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी ‘सुलभता’ या सदरात अक्षर मोठे करण्याची, पडद्याचा भाग विशाल करून पाहण्याची आणि मजकूर वाचून दाखविण्याची व्यवस्था आहे. गावातील वृद्धांच्या फोनमध्ये ती बंदच आढळते, याची मला खंत वाटते. 1 जानेवारी 2017 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांत संकटकाळी साहाय्य मागण्याची कळ असणे केंद्र शासनाने सक्तीचे केले. ती आपल्या फोनात कोणती आहे आणि ती दाबली असता कोणाला खबर जाते, हे प्रत्येक घरात एकदा पडताळून पाहावे. रेडिओची कथा तर मननीय आहे. अनेक फोनांत एफएम ग्रहण करणारी सामग्री मुळातच असते. पण काही उत्पादकांनी ती सोय बंद ठेवली, तेव्हा एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाने, आपत्तीच्या काळी व ग्रामीण भागात रेडिओ उपयोगी पडतो हे कारण देऊन, ती खुली ठेवण्याविषयी उत्पादकांना सूचनापत्र धाडले. हेडफोनची तार हीच त्या रेडिओची आकाशतार असते, म्हणून ती खोचल्यावाचून तो बोलत नाही.

आता फोनमधील कुलूपबंद पर्यायांविषयी. फोनच्या माहितीपत्रकातील ‘बिल्ड नंबर’ या ओळीवर सात वेळा बोट ठेवले म्हणजे ‘डेव्हलपर पर्याय’ नावाचे एक गुप्त सदर उघडते, ही किमया शाळकरी मुलेही जाणतात. तेथे पडद्यावरील हालचालींचा अवधी अर्धा केला तर जुना फोन चपळ भासतो, आणि त्यात काही अपाय नाही. परंतु त्याच सदरात ‘यूएसबी डीबगिंग’ आहे, जे चालू राहिल्यास केबलने जोडलेल्या परक्या संगणकास फोनच्या अंतरंगात हुकूम चालविण्याची वाट मोकळी होते. आणि त्याच सदरात खोटे स्थान दाखविण्याचा पर्याय आहे. घरबसल्या पीक पाहणी ‘उरकून देण्यासाठी’ जो हा पर्याय वापरील तो सरकारी दप्तरात खोटी नोंद करीत आहे, आणि तिचा भुर्दंड खातेदारालाच भरावा लागेल, हे स्पष्ट सांगणे मला अगत्याचे वाटते. बँकेची काही ॲपे हे सदर उघडे दिसताच चालण्याचे नाकारतात. म्हणून काम होताच ते बंद करावे.

याच्याही पलीकडे जाऊन बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा आरंभीचा कार्यक्रम, उघडणे आणि फोन ‘रूट’ करणे, म्हणजे त्याच्या मूळ प्रणालीवर पूर्ण ताबा मिळविणे, हा निराळाच प्रांत आहे. बूटलोडर उघडताच फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. पुढे निर्मात्याच्या सुरक्षाव्यवस्थेची साखळी तुटते, हमी बहुधा संपुष्टात येते, आणि पैशांच्या व्यवहाराची ॲपे त्या फोनवर विश्वास ठेवीत नाहीत. जुना, निरुपयोगी फोन अभ्यासासाठी उघडणारा जिज्ञासू विद्यार्थी मला आदरणीय वाटतो. पण ज्या फोनवर घरचे बँकखाते चालते त्याच्यावर हा प्रयोग करू नये. आणि ‘आयएमईआय बदलून देतो’ असे कोणी म्हणाला, तर तेथून तत्काळ उठावे. हा पंधरा अंकी क्रमांक, जो *#06# दाबल्याने दिसतो, फोनची ओळख आहे; त्यात फेरफार करणे हा 2023 च्या दूरसंचार अधिनियमान्वये तीन वर्षांपर्यंत कारावासास पात्र असा गुन्हा आहे. उलट तो क्रमांक घरच्या वहीत लिहून ठेवला असता, फोन हरवल्यावर ‘संचार साथी’ या सरकारी व्यवस्थेतून तो देशभर निकामी करविता येतो.

संगणकाकडे वळायचे तर सेवा केंद्रांतील टेबलाकडेच पाहिले पाहिजे, कारण खेड्यात संगणक म्हणजे बहुधा तोच. पडदा थिजला म्हणजे ‘डब्बा गेला’ असा निकाल देण्यापूर्वी कीबोर्डावरील ‘नम लॉक’ची कळ दाबून पाहावी, तिचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र जिवंत आहे आणि एखादा कार्यक्रमच अडला आहे, असे बहुधा समजावे. याहून फसवी अडचण तारखेची. मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढी सीआर2032 नावाची तीन व्होल्टची बॅटरी असते. ती संपली आणि वीज गेली की संगणकाचे घड्याळ वर्षानुवर्षे मागे जाते. मग एकही सरकारी संकेतस्थळ उघडत नाही, कारण प्रत्येक संकेतस्थळाच्या ओळखपत्राला आरंभाची व समाप्तीची मुदत असते, आणि मागे गेलेल्या संगणकाच्या हिशेबी ती मुदत अद्याप सुरूच झालेली नसते. ‘कनेक्शन खाजगी नाही’ असा इशारा झळकतो, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे सांगितले जाते, आणि म्हातारा बाप्या परगावाहून एसटीच्या तिकिटाचे पैसे खर्चून दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. उजव्या कोपऱ्यातील तारीख वाचण्याचा कोणी त्रास घेतला असता, तर त्याचा तो हेलपाटा टळला असता.

आणि शेवटी मराठी अक्षरांचा प्रश्न, जो मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. एका संगणकावर टंकलेला ठराव दुसऱ्यावर उघडला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते, आणि ‘फाईल करप्ट झाली’ असे म्हटले जाते. फाईल शाबूत असते. जुन्या फाँटांत मराठी वळणे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविलेली असल्याने तो फाँट नसलेल्या संगणकाला ती ओळखता येत नाहीत, इतकेच. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे स्थान आहे, आणि विंडोजमध्ये तर 2000 सालच्या आवृत्तीपासून ती सोय अंतर्भूत आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडली की पुरे, त्यासाठी दमडीही मोजावी लागत नाही. 1991 सालच्या आयएस 13194 या मानकात नमूद असलेला इनस्क्रिप्ट कळफलक स्वरांना डाव्या हाती व व्यंजनांना उजव्या हाती ठेवतो, आणि ‘वऱ्हाड’ लिहायचे तर बी, शिफ्टसह जे, डी, यू, ई आणि चौकटी कंसाची कळ, एवढ्या सहा आघातांत तो शब्द त्याच्या खास अर्ध्या ‘र’सह पडद्यावर उभा राहतो. तरीही कित्येक कार्यालयांत आजमितीस जुनेच फाँट चालतात, आणि ग्रामसभेचे ठराव काही वर्षांनी कोणालाच वाचता येणार नाहीत अशा रीतीने साठविले जातात. हे थांबले पाहिजे.

2001 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र ज्यांच्या घरी आहे अशी तरुण मुले-मुली आता बहुतेक गावांत आहेत. माझी त्यांना विनंती अशी की, पुढील खरिपाची पीक पाहणी सुरू होण्यापूर्वी एक सायंकाळ त्यांनी ग्रामपंचायतीत किंवा वाचनालयात बसावे, आणि आपल्या आळीतील काका-मावशींच्या फोनमधील अचूक स्थान, मोकळी जागा, अक्षराचा आकार व संकटकाळची कळ एवढ्या चार गोष्टी त्यांच्याच बोटांनी त्यांच्याकडून लावून घ्याव्यात. स्वतः फोन हाती घेऊन लावून देऊ नयेत.