गांवचें संगणक मंडळ : त्याचे नियम आणि त्याचा कारभारी

कंधार तालुक्यांत मन्याडच्या खोऱ्यांतील एका गांवच्या कांहीं कास्तकार मंडळींनीं दोन वर्षांमागें आपसांत वर्गणी करून एक संगणक, एक प्रिंटर व इंटरनेटची जोडणी घेतली आणि या उपक्रमास ‘संगणक मंडळ’ असें नांव दिलें. हेतु उत्तम होता. सातबारा व आठ-अ यांचे उतारे, बाजारभाव, हवामान, पीक विम्याचे अर्ज, हमीभावाच्या खरेदीची नोंदणी, या सर्वांसाठीं तालुक्याची वारी करावी लागूं नये, एवढेंच त्यांस पाहिजे होतें. नियम मात्र एकही केलेला नव्हता. आतां तींच मंडळी आमच्याकडे येऊन म्हणतात कीं, “आपण महसूल खात्यांत कारकुनी केलेली आहे, तरी आम्हांस मंडळाची घटना लिहून द्या.” सरकारी नोकरींतून निवृत्त झालेल्या मनुष्याकडे असली कामें येतातच. परंतु या मागणीमागें जो प्रकार घडला आहे तो इतर गांवांतही घडण्याजोगा असल्यामुळें त्याची हकीकत व त्यावरून आम्हांस सुचलेले विचार वाचकांपुढें मांडणें आम्ही उचित समजतों.

संगणक गांवांतील एका सधन गृहस्थाच्या माडीवर ठेविला होता, आणि तो चालवीत असे त्यांचा पुतण्या. मुलगा हुशार, मनमिळाऊ आणि निर्लोभी. कोणाकडून त्यानें एक पैसा घेतला नाहीं. गेल्या हंगामांत सोयाबीनच्या हमीभावाच्या खरेदीसाठीं त्यानें पुष्कळ सभासदांची नोंदणी करून दिली. सन २०२५-२६ करितां सोयाबीनचा हमीभाव क्विंटलमागें ५,३२८ रुपये होता व बाजारांत भाव पडलेला होता, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. नोंदणी करतांना ज्यांच्याजवळ मोबाईल नव्हता अगर ज्यांस संदेश वाचतां येत नव्हता, त्यांच्या नांवापुढें या मुलानें सोयीसाठीं स्वतःचाच क्रमांक घातला. पुढें त्यास पुण्यास नोकरी लागली व तो निघून गेला. माल घेऊन केव्हां यावें याचा संदेश त्याच क्रमांकावर येत राहिला. कामाच्या गडबडींत कांहीं संदेश त्याच्या नजरेंतून सुटले. त्यांत एका विधवा भगिनीची पाळी चुकली. तिनें देणेकऱ्यांच्या तगाद्यामुळें सोयाबीन व्यापाऱ्यास घातलें, आणि हमीभाव व बाजारभाव यांच्यामधील जें अंतर तें तिच्या पदरचें गेलें. इकडे संगणक उघडण्याचा परवलीचा शब्दही त्या मुलाबरोबर पुण्यास गेलेला. माडीचे मालक म्हणूं लागले कीं, यंत्र माझ्या घरांत आहे, वीज माझी जळते, सबब यंत्र माझें. यावरून दोन तट पडले.

यांत लबाडी कोणाचीच नाहीं. पुतण्यानें उपकारबुद्धीनें काम केलें, चुलत्यानें जागा दिली, सभासदांनीं विश्वास ठेविला. तरीही एका गरीब खातेदाराचें नुकसान झालें. नियम हे लबाडांसाठीं करावयाचे असतात अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि म्हणूनच ‘आपल्याच माणसांत कसले नियम’ असें म्हणून सर्व जण गप्प बसतात.

महसुलाच्या कामांत आम्हीं जें पाहिलें त्यांतील एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. आपल्या मराठवाड्यांत १९५४ सालचें खासरा पाहणी पत्रक अजूनही जमिनीच्या तंट्यांत पुरावा म्हणून काढावें लागतें. तें ज्यांनीं लिहिलें ते पटवारी व गिरदावर केव्हांच कालवश झाले. पण कागद राहिला, कारण तो लिहिणाराच्या घरीं नव्हता, दप्तरांत होता. तसेंच कोषागाराच्या तिजोरीस दुहेरी कुलूप असतें आणि दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. एकावर अविश्वास म्हणून ही रीत पडलेली नाहीं. एक आजारी पडला अगर बदलून गेला तरी काम अडूं नये, आणि कांहीं कमी-जास्त झालें तर निष्कारण एकट्यावर आळ येऊं नये, हा त्यांतला हेतु आहे. संगणकाच्या परवलीच्या शब्दास हीच रीत लागू करावी असें आमचें मत आहे. तो शब्द कारभाऱ्यास ठाऊक असावा, व कागदावर लिहून, पाकिटांत घालून, वर दोघांच्या सह्या करून दुसऱ्या पदाधिकाऱ्याच्या पेटींत असावा. शब्द बदलला कीं पाकीटही बदलावें. मंडळाच्या नांवें जो ईमेल काढाल त्यास जोडलेला मोबाईल क्रमांकही मंडळाचाच असावा, कोणा एका व्यक्तीचा नसावा.

याहून महत्त्वाचा नियम सभासदांच्या स्वतःच्या क्रमांकाविषयीं आहे. कोणत्याही अर्जांत ज्याचा अर्ज त्याचाच मोबाईल क्रमांक लिहिला पाहिजे. ज्याच्याजवळ मोबाईल नाहीं त्यानें आपल्या घरांतील माणसाचा द्यावा, आणि तोही न मिळाल्यास मंडळाचा द्यावा. त्या प्रसंगीं आलेला प्रत्येक संदेश वहींत उतरून त्याच दिवशीं संबंधितास कळविण्याचें काम एकाच्या अंगावर नेमून दिलेलें असावें. आधारचा अगर बँकेचा जो ओटीपी येतो तो कारभाऱ्यास तोंडी सांगण्याची चाल तर ताबडतोब बंद केली पाहिजे. सभासदानें स्वतः समोर बसून, स्वतःच्या बोटानें तो आंकडा दाबावा. वेळ लागेल, लागूं द्यावा. अनोळखी फोनवर कोणी ओटीपी सांगून बसला व खात्यांतून पैसे गेले, तर विलंब न लावतां १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार करावी. हा क्रमांक मंडळाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यास खर्च कांहींच नाहीं.

सभासद कोणास करावें, यावर त्या गांवांत बराच वाद झाला. ‘एका खात्यामागें एक सभासद’ अशी सूचना होती. आम्हांस ती पसंत नाहीं. खातें बहुधा पुरुषाच्या नांवें असतें, आणि शेताची पाहणी, निंदणी, वेचणी करणारी घरची स्त्री त्यामुळें बाहेर राहते. बटाईनें करणारा तर सर्वस्वीं बाहेर राहतो. ई-पीक पाहणीचें उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ही पद्धत सुरू झाली. पिकाचें छायाचित्र शेतांत उभें राहून काढावें लागतें, तें माडीवरील संगणकावर होत नाहीं. शेतांत उभें राहणारें माणूस कोण, तें पाहून सभासद करावा. आणि ती नोंद राहिली तर हमीभावाच्या नोंदणीसही अडचण येते, हें सांगावयास नकोच. म्हणून गांवांत राहणारें अठरा वर्षांवरील कोणतेंही माणूस ठराविक वर्गणी देऊन सभासद व्हावें, एवढाच नियम पुरे.

आतां मताचा प्रश्न. ज्यानें जास्त पैसे घातले त्याचें मत जड, असा आग्रह कांहीं मोठ्या जमीनदारांचा आहे. इंग्लंडांत रॉचडेल येथें १८४४ सालीं २८ साध्या मंडळींनीं, ज्यांत विणकरांचा भरणा होता, सहकारी दुकान काढलें. भांडवल कितीही असो, प्रत्येकास मत एकच, हा त्यांचा दंडक होता. सहकाराची ही चाल पुढें साऱ्या जगभर गेली. ज्यांनीं अधिक रक्कम घातली असेल त्यांची ती रक्कम कर्जाऊ म्हणून वहींत लिहावी व हप्त्यानें परत करावी. उपकाराचा पैसा वहींत लिहिला गेला म्हणजे त्याचा ताठा कमी होतो.

पुढारी कोण असावा, हा खरा नाजूक भाग. ज्यास यंत्र चालवितां येतें तो पोरसवदा, आणि ज्याचा शब्द गांवांत चालतो त्यास यंत्राची ओळख नाहीं. दोघांपैकीं कोणा एकाच्याच हातीं सर्व दिलें तर काम बिघडतें. अमेरिकेंत बोस्टन येथें १९७७ सालीं जोनाथन रोटेनबर्ग नांवाच्या अवघ्या तेरा वर्षांच्या मुलानें संगणक वापरणाऱ्यांची संस्था काढली. तिचे सभासद पुढें हजारोंनीं वाढले. तेव्हां वय आड येऊं देऊं नये हें खरें. पण तीच संस्था १९९६ सालीं बंदही झाली. संगणक घरोघर झाले, माहिती इतर मार्गांनीं मिळूं लागली, आणि अशा मंडळांची पूर्वीसारखी गरज राहिली नाहीं. आपल्याही मंडळास हा दिवस येईल, हें धरूनच घटना लिहावी.

आपल्याकडील दाखला पाहावयाचा तर लोणीच्या प्रवरा साखर कारखान्याचा आहे. त्याच्या आरंभीच्या वर्षांत अध्यक्षस्थानीं अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते, आणि गांवोगांव हिंडून शेतकऱ्यांस एकत्र आणण्याचा भार विठ्ठलराव विखे पाटलांनीं वाहिला. जाणकार एक व लोकांचा माणूस दुसरा, दोघांनींही एकमेकांचा अधिकार मानला. गांवच्या लहानशा मंडळासही ही जोडी पुरेशी आहे. अध्यक्ष वडीलधारा असावा, त्यानें सभा चालवावी, तंटा मिटवावा व पैशाच्या कागदावर सही करावी. कारभारी तरुण असावा, त्यानें यंत्र व दप्तर सांभाळावें. पैसा तिसऱ्याकडे, म्हणजे खजिनदाराकडे असावा. कोणीही सलग दोन वर्षांपेक्षां अधिक काळ एकाच जागीं राहूं नये, आणि कारभाऱ्यानें आपल्या मुदतींत निदान दोन सभासदांस सर्व काम शिकवून तयार केलें पाहिजे, त्यांत एक स्त्री असावी. हें शेवटचें कलम आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. तें असतें, तर तो पुतण्या पुण्यास गेला काय नि दुबईस गेला काय, गांवास फरक पडला नसता.

कारभाऱ्यास मोबदला द्यावा कीं नाहीं? आमचें उत्तर, द्यावा. फुकट काम करणारास जाब विचारतां येत नाहीं, असा आमचा पस्तीस वर्षांचा अनुभव आहे. प्रत्येक छापील पानामागें अगर अर्जामागें ठराविक आकार घ्यावा, त्याची पावती द्यावी, आणि जमेंतून कारभाऱ्यास कांहीं भाग द्यावा. दरपत्रक दारावर लावावें.

यंत्र कोणासाठीं, हेंही आरंभींच लिहून ठेवावें. १९९८ सालीं कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत वारणा समूहाच्या परिसरांतील सुमारें सत्तर गांवांत केंद्राच्या मदतीनें संगणक बसविण्यांत आले. ऊस किती गेला, वजन किती भरलें, खत किती उचललें, ही माहिती शेतकऱ्यास गांवींच मिळूं लागली, व हा लाभ लहान नव्हता. पण यंत्रें मुख्यत्वें साखर कारखान्याच्या कामाचीं राहिलीं. पुढें त्यांतील कांहीं गांवांत संशोधकांनीं हेंच काम साध्या मोबाईल संदेशांनीं करून पाहिलें आणि तें स्वस्तांत झालें. आमच्या मतें यांत दोन गोष्टी दिसतात. ज्याची गरज मोठी त्याचें काम यंत्रावर आधीं होतें. आणि जें काम मोबाईलवर होतें त्यासाठीं संगणक घेऊन बसूं नये. आपल्या मंडळानेंही वर्षांतून एकदां विचारावें कीं, संगणकावाचून आतां कोणतें काम अडतें?

नोंदणीची घाई करूं नये. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीं सात माणसांनीं संस्था काढतां येते, १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखालीं निराळ्या कुटुंबांतील दहा जण लागतात. पण नोंदणी झाली कीं हिशेब तपासणी, वार्षिक विवरणें व सभा यांचें ओझें येतें. प्रथम वर्षभर वही नीट ठेवून दाखवावी, मग कचेरीची पायरी चढावी. शेतकऱ्यांचे साधे गट नाबार्डनें १९८२ पासून उभे केलेच होते, त्यांचें कामही दहा-बारा माणसांनीं सुरू होत असे.

सभेविषयीं एक शब्द. कॅलिफोर्नियांत १९७५ च्या मार्च महिन्यांत एका गृहस्थाच्या मोटारखान्यांत संगणकाच्या शौकिनांची बैठक भरली व तिचा पुढें मोठा क्लब झाला. तेथील शिरस्ता असा होता कीं, प्रथम ज्यास जें सांगावयाचें वा विचारावयाचें असेल तें त्यानें सर्वांपुढें उभें राहून थोडक्यांत सांगावें, आणि मग ज्याचें ज्याशीं काम त्यानें त्यास गांठावें. हा प्रकार आपल्याकडे चांगला चालेल. लांब भाषणें टळतील. बैठक महिन्यांतून एकदां, बाजाराच्या दिवशीं संध्याकाळीं, शाळेंत अगर वाचनालयांत घ्यावी, कोणाच्या वाड्यांत मुळींच घेऊं नये. एक तृतीयांश सभासद हजर नसतील तर ठराव करूं नये. इतिवृत्त त्याच ठिकाणीं लिहून वाचून दाखवावें.

त्या गांवच्या मंडळींस आम्हीं मसुदा दिला आहे. माडीचे मालक यंत्र सोडण्यास तयार झाले, पण मागील विजेचे पैसे मागतात, व ते द्यावेत असें आम्हीं सुचविलें. पुतण्यानें फोनवरून परवलीचा शब्द सांगितला आणि आपला क्रमांक सर्वांच्या नोंदींतून काढून घेण्यास मदत करीत आहे. पाळी चुकलेल्या त्या भगिनीचें नुकसान मंडळानें भरून द्यावें कीं नाहीं, हा विषय पुढील सभेपुढें आहे. वर्गणी तुटपुंजी असल्यानें मतभेद आहे. आमची शिफारस अर्धी रक्कम तरी द्यावी अशी आहे, आणि ती मसुद्याच्या समासांत आम्हीं स्वदस्तुरीं लिहून दिली आहे.