कीर आणि करण पोपट : एक तुलनात्मक परिचय

प्रस्तावना :
खेड तालुक्यातील महाळुंगे हे गाव चाकण औद्योगिक पट्ट्यात येत असल्याने शेती, कारखाने व निवासी वस्ती तेथे एकमेकांलगत आढळतात. अशा परिसरात पोपटांचे थवे पाहून 'पोपट भरपूर आहेत' असा निष्कर्ष सहज काढला जातो. तथापि, 'पोपट' या एका शब्दात एकाहून अधिक जातींचा समावेश होतो. पुणे जिल्ह्यात आढळणाऱ्या कीर व करण पोपट या दोन निकटच्या जातींमधील भेद स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बाह्य लक्षणे :
परंपरेने या दोन्ही जातींचा समावेश सिटॅक्युला या प्रजातीत केला जातो. हिरवा रंग, लाल चोच व लांब शेपटी ही लक्षणे दोहोंत समान आहेत. शेपटीसह कीर सुमारे 42 सें.मी., तर करण पोपट 53 सें.मी. किंवा अधिक लांब असतो. करणाची चोच अधिक भक्कम व आवाज अधिक घोगरा असतो. गळ्यावरील काळे-गुलाबी वलय दोन्ही जातींच्या प्रौढ नरांत असल्याने ते भेददर्शक ठरत नाही. करणाच्या नर व मादी दोहोंच्याही खांद्यावर किरमिजी पट्टा असतो. कीराला तो नसतो. हीच निर्णायक खूण होय.

अधिवास :
दोन्ही जाती ढोलीत घरटे करतात. कीर जुन्या भिंतींतील व इमारतींतील पोकळ्यांचाही उपयोग करतो. आकाराने मोठ्या असलेल्या करणाला मात्र प्रशस्त ढोली लागते आणि ती प्रामुख्याने जुन्या, जाड बुंध्याच्या वृक्षांतच मिळते. असा वृक्ष तोडल्यावर त्याऐवजी लावलेल्या रोपात तशी ढोली तयार होण्यास अनेक दशके लागतात.

संरक्षण :
आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत कीर 'किमान चिंता', तर करण 'संकटसमीप' वर्गात आहे. अधिवासाचा ऱ्हास व पिल्लांचा व्यापार ही करणाच्या घटीची प्रमुख कारणे होत. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार दोन्ही जाती पकडणे, विकणे वा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे.

निष्कर्ष :
कीराची विपुलता हा करणाच्या सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. म्हणून महाविद्यालयीन पक्षीगणनेत दोन्ही जातींची स्वतंत्र नोंद व्हावी आणि वृक्षतोडीपूर्वीच्या पाहणीत ढोल्यांचीही नोंद घेतली जावी.