ताटातलं अ‍ॅपमध्ये नीट उतरतं का?

शिरूर-दौंडकडच्या घरात दिवसभरात बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, आमटी आणि दोन-तीन वेळा चहा झाला, तर या आहाराचा कस अ‍ॅप कसा ठरवतं? अ‍ॅप ज्यावर चालतं ती, २०२१ साली पुढे आलेली जागतिक आहार-गुणवत्ता गुणांकन पद्धत अन्नाचे २५ गट पाडते आणि ० ते ४९ गुण देते. २३ किंवा अधिक गुण म्हणजे आहारातून येणारा धोका कमी. प्रमाण सांगायला लहानमोठे १० ठोकळे असतात. कालची सगळी पालेभाजी कोणत्या ठोकळ्याएवढी होती, ते दाखवायचं.

हे उत्तर कितपत खरं, याचा निवाडा वजनकाटा करतो. दिवसभर घरात थांबून वाढलेलं प्रत्येक अन्न मोजायचं, ताटात उरलेलं वजा करायचं. दुसऱ्या दिवशी त्याच व्यक्तीला अ‍ॅपवरचे प्रश्न विचारून दोन्ही गुण ताडून पाहायचे. नुसती सरासरी जुळून भागत नाही. एकाचे वाढलेले गुण दुसऱ्याच्या घटलेल्या गुणांत झाकले जातात. म्हणून माणसागणिक फरक तपासावा लागतो. कालवणातलं शेंगदाण्याचं कूट, फोडणीचं तेल, चहातली साखर सांगताना सहज निसटते. आपल्या स्वयंपाकावर अशी पडताळणी झाल्याशिवाय अ‍ॅपच्या आकड्यांवरून गावाच्या पोषणाचे निर्णय घेऊ नयेत.