मुंबई ते जेद्दा : लांबलेला रोजा

मुंबई ते जेद्दा हे हवाई अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. विमानाला पाच-साडेपाच तास लागतात. तिकिटावरचा हिशेब मात्र वेगळा दिसतो. संध्याकाळी पाचला सुटलेलं विमान तिथे साडेसात-आठलाच उतरतं, कारण तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे.

एरवी या हिशेबाने कुणाचं काही बिघडत नाही. रमजानमध्ये उमऱ्याला निघालेल्या रोजेदाराचं तसं नाही. मिरजेहून किंवा मालेगावहून आलेले एखादे आजोबा पहाटेच्या सहरीनंतर पाण्याचा थेंबही न घेता विमानात बसलेले असतात. पावणेसात झाले की मनगटावरचं घड्याळ बघून ते खजुराची पुडी उघडतात. नातू हात धरतो, "अभी रुको, दादाजान! बाहर सूरज तो देखो."

रोजा घड्याळावर नव्हे, सूर्यास्तावर सोडायचा. आणि तोही माणूस जिथे असेल तिथल्या. विमान पश्चिमेला, सूर्याच्या मागोमाग धावतं. त्याचा वेग ताशी आठ-नऊशे किलोमीटर. या अक्षांशावर पृथ्वी फिरते ताशी साडेपंधराशेच्या वर. सूर्य शेवटी पुढे निघून जातोच, पण रेंगाळत. मार्चमध्ये मुंबईत पावणेसातला मावळणारा सूर्य या विमानातून भारतीय वेळेनुसार आठ वाजून गेले तरी दिसत असतो. त्यात उंचीची भर. खाली समुद्रावर अंधारलं, तरी दहा किलोमीटर वर खिडकीत लाल कोर टिकून असते. दुबईत हा प्रश्न विमानात न बसताच उभा राहिला. 828 मीटर उंच बुर्ज खलिफाच्या ऐंशीव्या मजल्यापासून वरच्या रहिवाशांनी दोन मिनिटं आणि दीडशेच्या वरच्यांनी तीन मिनिटं उशिरा रोजा सोडावा, असं तिथल्या धर्मपंडितांनी 2011 मध्ये सांगितलं.

मुसाफिराला रोजा न धरण्याची सवलत खुद्द कुराणानेच दिली आहे. सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे. घरातली तरुण मंडळी याची आठवण करून देतात. आजोबा ऐकतातच असं नाही.

येताना उलटं. दुपारी एकला जेद्दाहून निघालं, तर पूर्वेकडे जाताना दिवस आखडतो आणि रोजा दीड तासाहून अधिक लवकर सुटतो.

1995 पर्यंत मुंबईहून हाजींची जहाजं जात. 'अकबर' हे नाव जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे. दहा-पंधरा दिवसांचा प्रवास. दोन्ही शहरांच्या सूर्यास्तात सव्वादोन तासांचं अंतर. ते दिवसाला जेमतेम नऊ-तेरा मिनिटं वाट्याला येई. बोटीवर बसलेल्याला जाणवतही नसे.

चंद्राचा हिशेब आणखी निराळा. सौदीत रमजान बहुतेकदा आपल्या एक दिवस आधी लागतो. इथे रोजे सुरू करून तिथे गेलेल्याचे कधी अठ्ठावीसच होतात आणि ईद येऊन ठेपते. मग तिथल्यांबरोबर ईद करायची आणि राहिलेला रोजा नंतर धरायचा. गल्लीतला शिरखुर्मा संपून जातो, आजोबांची एक सहरी बाकीच असते.